नकाशाला शिकविलेल्या भाषा

कागदावरच्या नकाशाचा एक गुण सहसा कोणाच्या ध्यानात येत नाही. तो विकत घेणाऱ्याचा होऊन जातो. सर्वेक्षण खात्याने छापलेला नकाशा एखाद्या पाटबंधारे अभियंत्याने टेबलावर पसरला, निळ्या पेन्सिलीने त्यावर कालव्याची रेषा ओढली, बुडणारी जमीन तांबड्या रंगाने दाखविली, की तो नकाशा त्या अभियंत्याच्या कामाचा झाला. त्यासाठी त्याला छापणाऱ्याची परवानगी लागत नसे, की छापणाऱ्याची भाषा शिकावी लागत नसे. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात नकाशा संगणकाच्या पोटात गेला आणि ही सोय एकाएकी नाहीशी झाली. तेथे पेन्सिल चालत नाही. तेथे आज्ञा द्यावी लागते, आणि तीही यंत्राला समजेल अशा भाषेत. मग ती भाषा कोणाची, आणि ज्याने ती दिली त्याने उद्या ती परत घेतली तर तिच्यात लिहून ठेवलेल्या वर्षानुवर्षांच्या कामाचे काय, असे प्रश्न उभे राहिले. हे प्रश्न केवळ यंत्रज्ञांचे नाहीत. वनाधिकारी, नगररचनाकार, भूजल मोजणारे, रस्ते आखणारे अशा हजारो लोकांच्या श्रमांशी ते निगडित आहेत.

भौगोलिक माहिती प्रणाली, म्हणजे ज्याला सर्वत्र जी.आय.एस. म्हणतात, ती काय करते हे आधी थोडक्यात पाहावयास हवे. एकाच प्रदेशाचे अनेक नकाशे काचेच्या तावदानांवर काढले असून ती तावदाने एकावर एक ठेवली आहेत, अशी कल्पना करावी. एकावर माती, दुसऱ्यावर जमिनीचा उतार, तिसऱ्यावर ओढे-नाले, चौथ्यावर मालकीच्या हद्दी. वरून पाहणाऱ्याला कोणत्या ठिकाणी काय काय एकत्र येते ते दिसेल. संगणकही हेच करतो. मात्र तो पाहत नाही, मोजतो. प्रत्येक आकृतीच्या मागे त्याने एक कोष्टक बाळगलेले असते, आणि दोन तावदाने एकावर एक ठेवताच तो नव्या आकृती व त्यांची नवी कोष्टके तयार करतो. माणसाला जे काम करावयास महिने लागत, ते तो काही क्षणांत उरकतो. परंतु कोणती तावदाने घ्यावी, कोणत्या क्रमाने घ्यावी आणि त्यांतून काय शोधावे, हे त्याला कोणीतरी सांगावे लागते. या सांगण्याचाच हा इतिहास आहे.

त्याचा आरंभ एका फसलेल्या कामातून झाला. कॅनडातील ओटावा येथे स्पार्टन एअर सर्व्हिसेस नावाची हवाई सर्वेक्षणाची कंपनी होती. १९६०च्या सुमारास तिच्याकडे केनियात वृक्षलागवडीसाठी योग्य जागा शोधण्याचे काम आले. उतार, हवामान, माती, वाहतुकीच्या सोयी असे अनेक नकाशे एकावर एक ठेवून जागा निवडावयाच्या होत्या. हाताने हे काम करण्याचा खर्च इतका भरमसाट निघाला की तो विचारच सोडून द्यावा लागला. रॉजर टॉमलिन्सन हा जन्माने इंग्रज असलेला तरुण भूगोलज्ञ त्या कंपनीत होता. हे काम संगणकाकडून करवून घेता येईल, असे त्याच्या मनाने घेतले. पुढे १९६२ साली विमानप्रवासात त्याची कॅनडा सरकारच्या ली प्रॅट या अधिकाऱ्याशी गाठ पडली. प्रॅट यांच्यासमोर त्या वेळी पंचवीस लाख चौरस किलोमीटरांहून अधिक भूमीच्या नोंदीचे काम उभे होते. शेती, वने, वन्य प्राणी, करमणुकीची ठिकाणे यांसाठी कोणती जमीन किती योग्य, याचे नकाशे काढावयाचे आणि ते एकमेकांशी ताडून पाहावयाचे. आय.बी.एम.च्या साहाय्याने जी यंत्रणा त्यातून उभी राहिली, ती कॅनडाची भौगोलिक माहिती प्रणाली. टॉमलिन्सन यांना पुढे जी.आय.एस.चे जनक म्हणू लागले ते याच कामामुळे.

या यंत्रणेत बुद्धीची कमाल होती यात शंका नाही. आय.बी.एम.मधील गाय मॉर्टन यांनी १९६६ साली पृथ्वीच्या पृष्ठभागाचे चौकोनी तुकडे पाडून त्यांना अशा क्रमाने आकडे दिले की भूमीवर शेजारी असलेले तुकडे चुंबकीय फितीवरही बहुतांशी जवळजवळच राहावेत. ही युक्ती आजही जगभर वापरात आहे. परंतु १९७१च्या सुमारास ही प्रणाली पूर्णपणे चालू झाली तेव्हा तिचे स्वरूप एखाद्या सरकारी कचेरीसारखे होते. प्रश्न खिडकीतून आत द्यावयाचा आणि उत्तर खिडकीतून बाहेर घ्यावयाचे. यंत्राला नवी रीत शिकवावयाची तर ती आत बसलेल्या आज्ञावलीकारांनीच शिकवावयाची.

अमेरिकेतील हार्वर्ड विद्यापीठात याच्या उलट वारे वाहत होते. हॉवर्ड फिशर या वास्तुशिल्पज्ञाने १९६५ साली तेथे एक प्रयोगशाळा स्थापिली व सायमॅप नावाची आज्ञावली पुढे आणली. तिचे नकाशे अगदी ओबडधोबड असत. छपाईयंत्रावर अक्षरांवर अक्षरे ठोकून गडद-फिकट छटा काढावयाच्या, इतकेच. पण ही आज्ञावली फोर्ट्रान भाषेत लिहिलेली होती आणि भोके पाडलेल्या पत्त्यांच्या गठ्ठ्यांच्या रूपाने विद्यापीठांकडे जात असे. ज्याला फोर्ट्रान येई त्याला ते पत्ते उलगडून आतले तंत्र वाचता येई, आणि आवश्यक वाटल्यास बदलताही येई. या प्रयोगशाळेत शिकून गेलेल्या जॅक डेंजरमंड यांनी पत्नी लॉरा यांच्यासह १९६९ साली कॅलिफोर्नियातील रेडलँड्स या गावी एक लहानशी संस्था काढली. तिचे नाव एस्री.

आता १९८२ या वर्षाकडे यावे. त्या एकाच वर्षी दोन गोष्टी घडल्या. रेडलँड्सला एस्रीने आर्क-इन्फो ही आपली प्रणाली बाजारात आणली, आणि इलिनॉय राज्यातील शॅम्पेन या गावी अमेरिकन लष्कराच्या बांधकाम संशोधन प्रयोगशाळेत ग्रास या प्रणालीचे काम सुरू झाले. दोघींचे प्रयोजन एकच. पण एक दुकानात वाढली आणि दुसरी सरकारी अंगणात. पुढे दोघींच्या आश्रितांची जी गत झाली ती वाचताना हा भेद ध्यानात ठेवावा.

आर्क-इन्फो ही सुताराच्या पेटीसारखी होती. आत निरनिराळी हत्यारे, आणि प्रत्येकाला एक आज्ञा. ‘क्लीन’ म्हटले की रेषांचे एकमेकींशी न जुळलेले सांधे जुळत, ‘बफर’ म्हटले की ओढ्याच्या दोन्ही काठांना ठराविक रुंदीची पट्टी आखली जाई, ‘युनियन’ म्हटले की दोन नकाशे एकात मिसळत. वापरणाऱ्याने पडद्यापुढे बसून एकामागून एक आज्ञा टंकित करावयाच्या. एका नकाशासाठी हे ठीक आहे. पण समजा, एखाद्या वनखात्याला दोनशे नकाशांवरील प्रत्येक ओढ्याभोवती शंभर मीटरांची पट्टी आखून तीत येणारे वृक्षतोडीचे ठेके शोधावयाचे आहेत. वीस आज्ञा, दोनशे वेळा. शंभराव्या नकाशाला माणूस कंटाळतो, एकशे एकाव्याला चुकतो, आणि ती चूक कोणाच्या लक्षातही येत नाही.

यावर १९८६ साली एस्रीने एक उपाय दिला. त्याचे नाव आर्क मॅक्रो लँग्वेज, म्हणजे ए.एम.एल. त्या काळी आर्क-इन्फो प्राइम कंपनीच्या संगणकांवर चालत असे, आणि त्या संगणकांची जी आज्ञाभाषा होती तिच्याच वळणावर ही नवी भाषा बेतली होती. तिचे रूप काही देखणे नव्हते. तिच्या खास आज्ञांच्या आधी एक वेलांटीदार ‘आणि’चे चिन्ह, बदलत्या नावांच्या दोन्ही बाजूंस टक्क्यांची चिन्हे, लिहिलेले पान म्हणजे एखाद्या मोडी दस्तासारखे, ज्याला सवय त्यालाच वाचता यावे. पण तिने केले ते काम मोठे होते. वीस आज्ञा एकदा लिहून ठेवावयाच्या, नकाशाच्या नावाच्या जागी एक रिकामे नाव ठेवावयाचे, आणि यंत्राला सांगावयाचे की त्या रिकाम्या जागी दोनशे नावे क्रमाने घालून हेच पुनःपुन्हा कर. रात्री काम लावून घरी जावे, सकाळी यावे तो दोनशे नकाशे तयार.

एवढ्यावरच गोष्ट थांबली नाही, आणि या इतिहासातील खरे वळण येथेच आहे. ज्यांनी ही भाषा हाती घेतली ते बहुधा संगणकशास्त्राचे पदवीधर नव्हते. कोणी वनशास्त्र शिकलेले, कोणी भूगर्भशास्त्र, कोणी नगररचना. जमिनीवरचे काम त्यांना ठाऊक होते, आणि यंत्राला ते ठाऊक नव्हते. ए.एम.एल.मध्ये पर्यायांची यादी पडद्यावर आणण्याची व भरावयाचे तक्ते रचण्याची सोय होती. तिचा उपयोग करून या लोकांनी आपापल्या कचेरीसाठी जणू वेगळी प्रणालीच उभी केली. पडद्यावर एस्रीच्या आज्ञा दिसेनाशा झाल्या व ‘मालमत्ता शोधा’, ‘जलवाहिनी दाखवा’ अशा धर्तीची कचेरीच्या व्यवहारातील वाक्ये दिसू लागली. आत काय चालले आहे याची दाद नसलेला कारकूनही ते वापरू शकला. विकत घेतलेल्या हत्याराला कामगाराने आपल्या हाताची मूठ बसवावी, तसे हे झाले. कागदी नकाशावरची ती निळी पेन्सिल अशा रीतीने पुन्हा माणसाच्या हाती आली.

नव्वदीच्या दशकात याच कंपनीने घरगुती संगणकावर चालणारी आर्क-व्ह्यू ही सुटसुटीत प्रणाली काढली व तिच्या दुसऱ्या आवृत्तीबरोबर अव्हेन्यू नावाची निराळी भाषा दिली. हिची वाक्यरचना मजेदार होती. आधी ज्याला काम सांगावयाचे त्याला नावाने हाक मारावयाची आणि मग काम सांगावयाचे. रामा, पाणी आण. नकाशा, तुझे थर दाखव. थरा, तुझा रंग बदल. ए.एम.एल.पेक्षा ही माणसाच्या बोलण्याच्या अधिक जवळची होती, त्यामुळे तिचा प्रसार झपाट्याने झाला. वापरणारे आपले लिखाण एकमेकांना मोकळ्या हाताने देत. कोणी विहिरींचे अंतर मोजण्याची रीत लिहिली, कोणी नकाशाच्या कोपऱ्यात दिशादर्शक बाण नीट बसविण्याची. एकाने लिहावे, दहांनी वापरावे, अकराव्याने सुधारावे.

आणि मग ती भाषा गेली. १९९९च्या अखेरीपासून २००१पर्यंत एस्रीने आपला सारा कारखाना मुळापासून पुन्हा बांधला. नव्या प्रणालीचे नाव आर्क-जी.आय.एस. तिचा पाया मायक्रोसॉफ्टच्या रचनेवर घातला होता आणि तिला सांगावयाची भाषाही मायक्रोसॉफ्टचीच, व्ही.बी.ए. या नावाची होती. अव्हेन्यूत लिहिलेले एक अक्षरही तिला कळत नव्हते. ए.एम.एल. जुन्या कार्यशाळेत काही वर्षे चालत राहिली. २०१०च्या दहाव्या आवृत्तीबरोबर त्या कार्यशाळेचीही शेवटची आवृत्ती निघाली. व्ही.बी.ए.ला तरी दीर्घायुष्य लाभावे? तेही नाही. मायक्रोसॉफ्टने २००७ साली इतर कंपन्यांना त्या भाषेचे नवे परवाने देणे थांबविले, आणि आर्क-जी.आय.एस.च्या त्याच दहाव्या आवृत्तीत ती वेगळ्या परवानगीवाचून वापरता येईनाशी झाली. म्हणजे १९८६ साली नोकरीस लागलेल्या एखाद्या नकाशाकाराने निवृत्तीपर्यंत तेच काम तीन भाषांत तीनदा लिहिले असेल, आणि २००४पासून त्या प्रणालीत आलेली पायथन ही भाषा धरली तर चारदा.

येथे कंपनीला सरसकट दोषी धरणे न्यायाचे होणार नाही. जुन्या पायावर नवे मजले चढत नाहीत, हे कोणताही गवंडी सांगेल. प्राइमचे संगणक स्वतःच अस्तंगत झाले होते. अव्हेन्यू शिकलेल्याला ती विद्या दुसरीकडे कोठेही उपयोगी पडत नसे, उलट व्ही.बी.ए. जाणणारे लोक सर्वत्र मिळत. कंपनीचा हिशेब चोख होता. पण ज्याने आपल्या कचेरीची वीस वर्षांची रीत, तिच्यातील अपवाद, तिच्यातील खाचाखोचा त्या ओळींत उतरविल्या होत्या, त्याच्या बाजूनेही एक हिशेब होता. तो माणूस निवृत्त झालेला असे किंवा दुसऱ्या गावी गेलेला असे. ओळी शिल्लक असत, पण त्या चालविणारे यंत्र नसे. असे लिखाण नव्याने करावयाचे म्हणजे अनुवाद नव्हे. मूळ माणसाने काय ध्यानात ठेवले होते ते उत्खनन करून शोधावयाचे.

आता त्या सरकारी अंगणातल्या बहिणीकडे वळावे. अमेरिकन लष्कराकडे सरावासाठी विस्तीर्ण जमिनी आहेत. रणगाडे फिरले की गवत मरते आणि माती वाहून जाते. १९७० साली अंमलात आलेल्या पर्यावरणविषयक कायद्यामुळे लष्करालाही आपल्या जमिनींची काळजी घेणे भाग पडले. त्यासाठी जी प्रणाली शॅम्पेनच्या प्रयोगशाळेत रचली गेली तिचे इंग्रजी नाव लांबलचक आहे; त्याच्या आद्याक्षरांतून ‘ग्रास’ म्हणजे गवत हा शब्द होतो, हा योगायोग मानण्यापेक्षा कोणाचा तरी विनोद मानावा. अमेरिकेच्या संघशासनाच्या नोकरांनी आपल्या कामात लिहिलेल्या गोष्टीवर त्या देशात स्वामित्वहक्क नसतो. त्यामुळे ग्रासची मूळ संहिता, म्हणजे जिच्यातून यंत्र चालते ते सारे लिखाण, कोणासही मिळू शके. विद्यापीठे आली, मृदसंधारणाचे खाते आले, राष्ट्रीय उद्यानांचे खाते आले. १९८७च्या सुमारास प्रयोगशाळेने तिच्या प्रचारासाठी एक चित्रफीत काढली. तिचे निवेदन ‘स्टार ट्रेक’मधील विल्यम शॅटनर या नटाने केले होते. अंतराळयानाच्या कप्तानाने सैन्याच्या कुरणांचे गुणगान करावे, हा प्रकार आजही पाहणाऱ्यांना हसवितो.

ग्रासची बांधणी यंत्रशाळेसारखी नव्हती, बाजारपेठेसारखी होती. प्रत्येक काम करणारा एक स्वतंत्र लहान प्रोग्रॅम. कोणास नवे काम हवे असेल त्याने नवा प्रोग्रॅम लिहून इतरांच्या शेजारी मांडावा. तो कसा लिहावा याची पुस्तिकाही प्रयोगशाळेनेच छापून दिली. मायकेल शपिरो यांनी लिहिलेला नकाशांची बेरीज-वजाबाकी करणारा प्रोग्रॅम हा त्यांतील एक मनोरम नमुना होय. डेना टॉमलिन या विद्वानाने १९८०च्या आगेमागे नकाशांचे बीजगणित मांडले होते. अ अधिक ब लिहावे तसे माती अधिक उतार लिहावयाचे, आणि उत्तर म्हणून आकडा नव्हे, नवा नकाशाच यावयाचा. शपिरोंच्या प्रोग्रॅममध्ये एखाद्या चौकोनाच्या शेजारच्या चौकोनाचेही नाव घेता येई. त्यामुळे ‘वरच्या घरातील उंची माझ्याहून जास्त आहे काय’ असा प्रश्न एका ओळीत विचारता येऊ लागला. प्रोग्रॅम न लिहिताही प्रोग्रॅम लिहिल्याचे फळ मिळावे, असे ते होते.

याहूनही बोधप्रद कथा पाणलोटाच्या प्रोग्रॅमची आहे. पाऊस पडला की पाणी कोणीकडून कोणीकडे जाईल, हे उंचीच्या नकाशावरून काढावयाचे. अडचण अशी की अशा नकाशांत मोजणीच्या चुकांमुळे खोटे खळगे असतात आणि संगणकातील पाणी त्या खळग्यांत अडकून बसते. पुष्कळ लोक ते खळगे आधी बुजवीत. चार्ल्स एल्श्लेगर यांनी १९८९च्या सुमारास निराळी वाट धरली. खळगे बुजवावयाचे नाहीत. प्रदेशाच्या कडेपासून आत येत, कमीत कमी चढाचा मार्ग शोधीत जावयाचे, म्हणजे अडकलेल्या पाण्यालाही बाहेरची वाट सापडते. युक्ती उत्तम होती. पण मोठ्या नकाशांवर तिला फार वेळ लागे. पुढे बऱ्याच वर्षांनी मार्कुस मेट्झ यांनी तोच प्रोग्रॅम उघडून त्याच्या अंतर्भागातील छाननीची रीत बदलली आणि त्याचा वेग कितीतरी वाढविला. पहिल्या लेखकाचे नाव आजही त्याच्या माहितीपत्रकावर आहे, आणि दुसऱ्याचे त्याच्या खाली.

हे सहजासहजी घडले असे मात्र नाही. नव्वदीच्या दशकाच्या मध्यास लष्कराच्या प्रयोगशाळेने ग्रासचे काम थांबविण्याचे ठरविले. दुकान बंद झाले असते तर येथेच इतिश्री झाली असती. परंतु संहिता लोकांच्या हाती होती. १९९७च्या सुमारास टेक्सासमधील बेलर विद्यापीठाने ती उचलली. जर्मनीत हानोव्हर येथे मार्कुस नेटेलर या तरुण अभ्यासकाने तिच्याभोवती माणसे जमविली. १९९९ साली तिला जी.पी.एल. हा परवाना लावण्यात आला. त्याचा आशय असा की, घ्या, बदला, वाटा. मात्र बदललेले वाटाल तर तेही याच अटीवर खुले ठेवा. सरकारने सोडून दिलेल्या तळ्याला गावाने पाळी लावून घ्यावी, तसा हा प्रकार होता. पाळी लावून चालणाऱ्या कामांत जी कुरकुर, जी दिरंगाई आणि जे रुसवेफुगवे असतात, ते येथेही होतेच.

ग्रास शिकावयास अवघड, हा आक्षेप मात्र खरा होता. तो काही अंशी दूर झाला तो अलास्कातून. तेथील गॅरी शर्मन यांना आपल्या लिनक्स संगणकावर नकाशांचा साठा नुसता उघडून पाहता यावा, एवढीच इच्छा होती. त्यासाठी २००२ साली त्यांनी क्यू.जी.आय.एस.चा आरंभ केला. आरंभी ती खरोखरच नुसती खिडकी होती. २००७ साली तिला पायथन भाषा जोडण्यात आली आणि त्या खिडकीचे दार झाले. पायथन ही गिडो व्हान रॉसम यांनी नेदरलँड्समध्ये घडवून १९९१ साली प्रथम प्रसिद्ध केलेली भाषा. ती नकाशांसाठी जन्मलेली नव्हती आणि कोणा एका नकाशाकंपनीची मिंधीही नव्हती; हाच तिचा मोठा गुण ठरला. एस्रीनेही अखेर तिचाच आश्रय केला, हे वर आलेच आहे. क्यू.जी.आय.एस.मध्ये पायथनने लिहिलेल्या जोडकामाला प्लगइन म्हणतात. जगभरच्या माणसांनी लिहिलेली अशी प्लगइने शेकड्यांनी मोजावी लागतात. एल्श्लेगर यांचा तो पाणलोटाचा प्रोग्रॅमही आता त्याच खिडकीतून चालविता येतो.

खुल्या अंगणातही भिंती पडतात. २०१८च्या फेब्रुवारीत क्यू.जी.आय.एस.ची तिसरी आवृत्ती आली तेव्हा पायथन भाषेचे जुने वळण सोडून नवे घ्यावे लागले, आणि आधीची प्लगइने चालेनाशी झाली. कित्येकांच्या लेखकांनी ती नव्याने लिहिली. कित्येकांचे लेखक दुसऱ्या उद्योगाला लागले होते. त्यांतील काही प्लगइने तशीच मागे पडली. मात्र जी कोणाला हवी होती ती त्याला उघडून पाहता आली, आणि येत असेल तर दुरुस्त करता आली. अव्हेन्यूच्या वेळी लिखाण उघडून वाचण्याला मनाई नव्हती. पण ते चालविणारे यंत्र दुरुस्त करण्याची मुभा लेखकाला नव्हती.

आणि हे सर्व मराठवाड्यापर्यंत येऊन पोहोचले आहे. महाराष्ट्र शासनाने जागतिक बँकेच्या साहाय्याने मराठवाड्याचे आठ, विदर्भाचे सहा व जळगाव अशा पंधरा जिल्ह्यांतील पाच हजारांहून अधिक गावांसाठी हवामानाला तोंड देणाऱ्या शेतीचा प्रकल्प हाती घेतला. नानाजी देशमुख कृषी संजीवनी किंवा ‘पोकरा’ या नावाने तो ओळखला जातो. त्यातील पहिला प्रश्न, गावात पडलेल्या पावसाचे होते काय? मुंबईच्या आय.आय.टी.त पूर्वी ग्रॅम या नावाची स्वदेशी भौगोलिक माहिती प्रणाली घडली होती. त्याच संस्थेतील अभ्यासकांनी या प्रश्नासाठी क्यू.जी.आय.एस.चे एक प्लगइन लिहिले. पाऊस, मातीचा पोत व खोली, उतार, जमिनीचा वापर आणि पीक, एवढे त्याला द्यावयाचे. ते दिवसामागून दिवस हिशेब मांडते: आज पडलेल्या पाण्यापैकी किती वाहून गेले, किती मातीत राहिले, किती खाली मुरले, आणि पिकाला हवे होते त्याहून किती कमी पडले.

दुकानात मिळणाऱ्या कोणत्याही प्रणालीत हे आयते नसते, कारण तिच्या कर्त्याला मुरमाड जमिनीवरचा सोयाबीन आणि त्याच शिवारातील खोल काळ्या जमिनीवरची कापूस-तूर यांतील अंतर ठाऊक असण्याचे कारण नाही. ऑगस्टात पावसाने पंधरा दिवसांची ओढ दिली, तर एकाच गावाच्या नकाशावर टेकडीच्या उतारावरची शेते आधी तांबडी होतात आणि ओढ्याकाठची हिरवीच राहतात. गावाची सरासरी काढली असती तर ती दोन्हींपैकी कोणत्याच शेताची झाली नसती. हा हिशेब चुकला असे ज्याला वाटेल त्याला मातीच्या खोलीचा आकडा बदलून तो पुन्हा मांडता येतो.